चाळिशीनंतर गाण्याची आवड एवढी बदलते का? आणि आता पुढे काय ऐकू?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी, बरेच महिने नुसती वाचतेय, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी मूळची मिरजेची. आमच्या घरापासून चार पावलांवर सतारमेकरांची घरं, ओट्यावर पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे मोठाले भोपळे वाळत टाकलेले असायचे, आत कोणीतरी तारा जुळवत बसलेलं असायचं आणि दर्ग्यात दरवर्षी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या आठवणीत गाण्याच्या मैफिली. म्हणजे शास्त्रीय संगीत अगदी दाराशी होतं, पण मला त्याची गोडी म्हणून नव्हती. घरी रेडिओवर 'आपली आवड' लागायचं, त्यातली भावगीतं तोंडपाठ. मग १९९२ ला रोजा आला आणि आम्ही सगळ्या मैत्रिणी रहमानच्या मागे वेड्या झालो, कॅसेट टेप घासेपर्यंत ऐकली. त्यानंतर नोकरी, लग्न, पोरं आणि मग कितीतरी वर्षं तीच पन्नासेक गाणी फिरून फिरून. वाईट काहीच नव्हतं त्यात, पण नवीन गाणं ऐकून अंगावर काटा येणं हा प्रकारच बंद पडला होता.

मागच्या वर्षी भाचीच्या गाडीतून कोल्हापूरला जाताना तिने मधेच कुमार गंधर्वांचं एक निर्गुणी भजन लावलं. त्याच्या आधी कुठलं तरी रॅप चालू होतं आणि त्याच्या पाठोपाठ हे. मी बोलत होते ती बोलायचीच थांबले. कुमारजी एक तुकडा म्हणतात आणि एकदम सोडून देतात, मधे फक्त तंबोरे वाजत राहतात, आपल्याला वाटतं आता ओळ पुरी होणार आणि तेवढ्यात वरचा सूर असा काही लख्खकन येतो की पोटात खड्डा पडतो. घरी येऊन वाचून काढलं सगळं. क्षयामुळे १९४८ मधे देवासला कोरड्या हवेत राहायला गेले, कितीतरी वर्षं गायला मनाई, एक फुप्फुस जवळपास निकामी, आणि अंथरुणावर पडल्या पडल्या कानावर पडायची ती माळव्यातल्या बायकांची लोकगीतं. हे कळल्यावर ते तुकडे तुकडे जोडून गाणं मला अजूनच जवळचं वाटायला लागलं.

त्या दिवसापासून जे सुरू झालंय ते थांबेना. यमुनाबाई वाईकरांची बैठकीची लावणी ऐकली. बसून, नुसत्या हातांनी आणि नजरेने एकेक ओळ किती वेगवेगळ्या तऱ्हेने उलगडतात! लावणी म्हणजे फक्त ढोलकीचा धडाका असं माझ्या डोक्यात बसलेलं, ते पार निघून गेलं. भाचीच्या लग्नात क्रेटेक्स आणि श्रेयस सागवेकरच्या 'तांबडी चामडी' ह्या गाण्यावर मनसोक्त नाचले. सकाळी चहा टाकताना आज काय नवीन सापडेल असा विचार येतो आणि खरंच सांगते, फार छान वाटतं हो.

तर प्रश्न असे. आमच्या ह्यांचं म्हणणं आहे की माणसाची आवड पंचविशीपर्यंत ठरून जाते, नंतरची सगळी हौस. तुमचं पण माझ्यासारखं झालंय का? दुसरं म्हणजे ॲप मला सारखं तेच तेच वाढतंय, एक कुमारजी ऐकले की दहा कुमारजी, मग नवीन शोधायचं कसं? आणि तिसरं, मला इथून पुढे कुठे घेऊन जाल?

पेटी_काळी_चार

ताई धागा वाचून सकाळ चांगली झाली. मी पुण्यात पेटी शिकवतो, माझ्याकडे साठीतले विद्यार्थी येतात आणि त्यांचे कान बदलताना मी समोर बसून बघतो, त्यामुळे पंचविशीची गोष्ट मला अजिबात मान्य नाही. दहाव्या ते तिसाव्या वर्षातल्या आठवणी जास्त पक्क्या राहतात हे मानसशास्त्रवाले सांगतात आणि ते खरंही आहे, पण आठवण पक्की असणं आणि नव्या गोष्टीची आवड बंद होणं यांचा काय संबंध? उलट रॉबर्ट झायन्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मधे दाखवलं होतं की एखादी गोष्ट नुसती परत परत समोर आली तरी ती आवडायला लागते. पंचविशीनंतर आपण नवीन गाण्याला परत परत संधीच देत नाही, एकदा ऐकतो आणि पुढे ढकलतो. तुम्ही दिलीत, म्हणून आवडलं.

ॲपबद्दल सांगतो. ॲप गायकाच्या नावावर चालतं, म्हणून तुम्ही गायक सोडून दुसरा धागा पकडा. संगीतकार पकडा, संगतकार पकडा, नाहीतर सरळ राग पकडा.

संगीतकाराचं उदाहरण म्हणजे जितेंद्र अभिषेकी. मंगेशीचे. १९६४ चं मत्स्यगंधा ऐका, मग १९६७ चं कट्यार काळजात घुसली. कट्यारमधे घेई छंद मकरंद हे एकच पद दोन चालींत आहे, एक संथ आणि एक द्रुत, कारण नाटकात दोन घराण्यांची टक्कर आहे आणि त्या दोघांचा स्वभावच चालीतून दाखवायचाय. संथ चाल ऐका, लगेच वसंतराव देशपांड्यांची द्रुत ऐका. शब्द तेच, पण पहिल्यात शब्द पसरतो, दुसऱ्यात तोच शब्द तानेच्या टोकावर येऊन फुटतो. माझ्या विद्यार्थ्यांना चाल म्हणजे काय हे मी कधी शब्दांत सांगत बसत नाही, हे दोन ट्रॅक लावतो.

रागाचं उदाहरण भूप. सा रे ग प ध, पाचच सूर, म आणि नी नाहीत. गीतरामायणातलं पहिलं गाणं तुम्हाला पाठ असणारच, १ एप्रिल १९५५ ला पुणे आकाशवाणीवरून गेलेलं, ते भूपातलं. ते एकदा गुणगुणा आणि लगेच किशोरीताई आमोणकरांचं सहेला रे लावा. गाणं ओळखीचं नसलं तरी घर ओळखीचं वाटेल. मग देशकार ऐका. देशकारात पण हेच पाच सूर आहेत! पण भूप गंधारावर म्हणजे ग वर विसावतो आणि देशकार धैवतावर म्हणजे ध वर, त्यामुळे भूप संध्याकाळचा शांत आणि देशकार सकाळचा, वरच्या अंगाने चमकणारा. सूर तेच असून माणूसच वेगळा समोर येतो, हे ज्या दिवशी ऐकू आलं ना, त्या दिवशी तुमच्यासाठी पुढची कितीतरी दारं उघडतील.

वऱ्हाडी_ठेका

ताई मी अमरावतीचा, वय २४, आणि तुमच्या भाचीला माह्याकडून सलाम सांगजा, रॅपनंतर कुमारजी लावनारी पोरगी म्हंजे मानलं पाहिजे.

मी तुमच्या उलट्या दिशेनं आलो. आधी फक्त रॅप. आमच्या अमरावतीचा १०० आरबीएच वऱ्हाडीत रॅप करतो, २०२३ ला एमटीव्ही हसल या रॅपच्या टीव्ही शोमधे दिसला तेव्हा आमच्या चौकात पोरं मोबाईलभवती गोळा झालेली, कारन आपली घरातली बोली तिथं स्टेजवर ऐकू येनं हे आमच्यासाठी लय मोठं होतं. मग मुंबईचा स्वदेशी नावाचा रॅप ग्रुप सापडला, त्यांचं आरेच्या जंगलावरचं वारली रिव्हॉल्ट हे गानं, २०१९ चं, त्यात प्रकाश भोईर यांचा आवाज आहे, ते आरेच्या पाड्यातलेच. रॅप चालू असताना मधे त्यांचा आवाज येतो तेव्हा गानं शहरातून एकदम जंगलात जाते.

तिथून मी मागं मागं गेलो. शाहिरी, आंबेडकरी जलसे, वामनदादा कर्डक. वामनदादा सिन्नरजवळच्या देशवंडीचे, १९२२ चा जन्म, शाळा नाही, मुंबईत दुकानांच्या पाट्या वाचत वाचत अक्षर शिकले आनि मग हजारो गानी लिहिली. आमच्या घरी आजी १४ एप्रिलला ती गानी म्हनायची, मी लहानपनी बाहेर खेळायला पळायचो. आता तीच गानी मी शब्द मोजून ऐकतो, यमक कुठं टाकलंय, श्वास कुठं सोडलाय, आनि आजीजवळ बसून लिहून घेतो कारन तिला येनारी काही कडवी कुठंच रेकॉर्ड झालेली दिसत नाहीत.

एक गोष्ट नक्की करून बघा. कुठलाही पोवाडा लावा आनि मुख्य शाहिराला सोडून मागच्या झीलकऱ्यांकडं लक्ष द्या. शाहीर ओळ टाकतो, झीलकरी 'जी जी रं जी' करत ती उचलून धरतात, तेवढ्यात शाहिराला दम घ्यायला मिळते आनि ऐकनाऱ्याच्या डोक्यात ओळ पक्की होते. आता लाइव्ह रॅपचा व्हिडिओ लावा. मागं उभा असलेला पोरगा ओळीचा शेवटचा शब्द उचलते, बरोबर तेच काम. मले हे दिसलं त्या रात्री झोपच नाही आली, मित्राला दोन वाजता फोन केला.

सिलोनवाली_आजी

लेकी, मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे आणि माझी आवड अजून ठरलेली नाही, हे तुझ्या यजमानांना माझ्याकडून सांग.

आमच्या वेळचं सांगते, कारण आवड म्हणजे सगळी आपलीच निवड असते असं नाही, काय कानावर पडू दिलं जातं त्यावर पण असते. १९५२ च्या सुमारास केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री असताना आकाशवाणीवर सिनेमाची गाणी जवळजवळ बंदच झाली होती, अभिरुची बिघडते म्हणून. मग लोकांनी काय केलं, काटा फिरवून रेडिओ सिलोन लावलं. बुधवारी रात्री आठला बिनाका गीतमाला, अमीन सयानींचा आवाज. मी लहान होते पण अंगणात शेजारपाजारचे सगळे येऊन बसलेले मला आठवतात, ज्यांच्याकडे रेडिओ त्यांच्याकडे मैफल. शेवटी १९५७ ला विविध भारती निघालं तेव्हा कुठे आपल्याकडच्या रेडिओवर ती गाणी मोकळी झाली. पण त्या केसकरांच्याच काळात आकाशवाणीवर शास्त्रीय संगीताचे अखिल भारतीय कार्यक्रम पण सुरू झाले आणि आमच्या गावात जिथे कधी कुठला मोठा गवई आला नसता तिथे मोठमोठे आवाज घरात आले. वडील ते लावायचे, भाऊ सिलोन लावायचा, आणि मला दोन्ही मिळालं. त्या भांडणाचा सगळ्यात जास्त फायदा मला झाला असं मी नेहमी म्हणते.

आता माझा नातू आणि मी एक करतो. रात्री जेवण झालं की त्याने एक गाणं मला ऐकवायचं आणि मी एक त्याला. अट एकच, मधे बंद करायचं नाही आणि गाणं संपेपर्यंत बोलायचं नाही. नंतर मात्र काय आवडलं ते सांगायचं, नुसतं छान आहे म्हणून चालत नाही, कुठली जागा आवडली ते सांगायचं. त्याने मला ते ढाणढाण वाजणारं काय काय ऐकवलं, आणि त्यातल्या एका गाण्यात खालचा जो जाड आवाज असतो ना, तो म्हणतो त्याला बेस म्हणतात, तो शब्दांच्या विरुद्ध दिशेने चालत होता, ते मला फार आवडलं. मी त्याला माणिक वर्मांची गाणी ऐकवली तर म्हणाला आजी ह्या किती सहज गातात, जोरच लावत नाहीत. बरोबर बोलला पोरगा. हे ॲपला विचारण्यापेक्षा घरातल्या माणसाला विचार, तू भाचीपासूनच सुरुवात केलीस की.

स्टुटगार्टकर

पेटीवाले सर, तुम्ही भूपाचं नाव काढलंत म्हणून मला राहवलं नाही.

मी जर्मनीत आहे, मूळ डोंबिवली. इथे माझ्या शेजारी एक इथिओपियन कुटुंब राहतं, त्यांच्या घरातून रविवारी कॉफी भाजल्याचा वास आणि गाणी दोन्ही येतात. एकदा जिन्यात उभा राहून ऐकत होतो आणि मला वाटलं हे तर भूप आहे! सरळ बेल वाजवून विचारलं. त्यांनी आत बोलावलं, कॉफी दिली आणि सांगितलं की ह्याला तिझिता म्हणतात. त्यांच्याकडे सुरांचे काही ठरलेले संच आहेत, त्यांना किन्येत म्हणतात, त्यातलाच तिझिता हा एक आणि त्याचा जो मेजर प्रकार आहे त्यात बरोब्बर सा रे ग प ध. आपल्यासारखी रागाची चलन, वादी-संवादी (म्हणजे सूर कसे फिरतात, कुठले सूर मुख्य) अशी बांधणी वेगळी असेल पण कच्चा माल तोच. क्रार नावाचं तारांचं वाद्य घेऊन म्हणतात आणि विषय बहुतेक गेलेल्या दिवसांची, दूर गेलेल्या माणसाची आठवण. परदेशात राहणाऱ्याने हे ऐकायचं म्हणजे काय होतं ते मी सांगायला नको.

तिथून मुलातू अस्तात्के सापडले. १९४३ चा जन्म, लंडन आणि मग बोस्टनच्या बर्कलीमधे शिकले, परत आदिस अबाबाला जाऊन आपले पाच सुरांचे संच आणि जॅझ ह्यांची सांगड घातली. व्हायब्राफोन वाजवतात, धातूच्या पट्ट्यांचं वाद्य, आवाज घंटेसारखा रेंगाळतो. इथिओपिक्स म्हणून रेकॉर्डची मालिका आहे, तिचा चौथा भाग त्यांचाच आहे, १९९८ चा. कृष्णाकाठची ताई, तुम्ही सवयीने भूप शोधायला जाल तर लगेच नाही सापडणार कारण ते बरेचदा दुसऱ्या, जरा उदास संचात वाजवतात, पण चारपाच दिवस स्वयंपाक करताना लावून ठेवा. मला तर इथल्या काळोख्या नोव्हेंबरमधे त्यांनीच सोबत केली.

एकच_तबकडी

सगळ्यांचं वाचलं, आनंद झाला, पण थोडं वेगळं मत मांडतो. रोज काहीतरी नवीन सापडलंच पाहिजे असं झालं की ऐकणं कमी आणि जमवणं जास्त होतं. मी एक रेकॉर्ड घेतो आणि महिना महिना तीच ऐकतो. सध्या मल्लिकार्जुन मन्सूर. त्यांच्या गाण्यात एक तान कुठे संपली आणि दुसरी कुठे सुरू झाली हे मला पहिल्या आठवड्यात कळतच नव्हतं, सगळी एक अखंड धार वाटत होती. आता सांधे दिसायला लागलेत, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, कसे हळूच, न सांगता येतात ते दिसतंय. नवीन गाणं नाही, पण माझ्यासाठी रोज नवीन आहे. ताईंनी पण कुमारजींना एवढ्यात सोडू नये असं मला वाटतं. त्यांचा 'मला उमजलेले बालगंधर्व' हा कार्यक्रम ऐका, त्यात कुमारजी स्वतः दुसऱ्या गायकाचे चाहते म्हणून समोर येतात. बालगंधर्वांचं पद आधी मूळ ऐका आणि मग कुमारजींनी त्यात काय पाहिलं ते ऐका. एका माणसाने दुसऱ्याचं गाणं एवढ्या प्रेमाने ऐकलंय की आपल्याला ऐकायचं कसं हेच त्यातून शिकायला मिळतं.

कृष्णाकाठची

अहो मंडळी!! किती लिहिलंत सगळ्यांनी. मी कालपासून ऑफिसला जाता येता हेच करतेय.

पेटीवाले सर, आधी सहेला रे ऐकलं आणि घर ओळखीचं वाटेल म्हणालात तसंच झालं, मी चक्क बसमधे त्यावर गीतरामायणाची ओळ मनात म्हणून बघितली. देशकार आज सकाळी लावला. पहिल्या पाच मिनिटांत मला तो भूपच वाटत होता, पण मग गायक वरच्या ध वर जाऊन जाऊन थांबतायत हे लक्षात आलं आणि तिथे जे काही होतं ना, उजेड पडल्यासारखं. ह्यांना पण हाक मारून ऐकवलं, ते म्हणाले परत लाव. परत लावला.

वऱ्हाडी दादा, झीलकऱ्यांचं ऐकून पोवाडा लावला तर आता मला मागचेच ऐकू येतात, शाहीर कमी. आजींची कडवी लिहून घेतोयस ते फार मोलाचं काम आहे, मोबाईलवर रेकॉर्ड पण करून ठेव, चाल कागदावर राहत नाही.

आजी, तुमची अट आमच्या घरी आजपासून लागू. लेकाने पहिलं गाणं ठरवून पण ठेवलंय.

स्टुटगार्टकर, मुलातू लावलेत, पोळ्या करताना. अजून पूर्ण पकडीत आले नाहीत पण तो घंटेसारखा आवाज आवडला, सोडणार नाही. आणि एकच_तबकडी, तुमचं पटतंय पण मला सध्या भूक फार लागलीये हो, इतक्या वर्षांची आहे. कुमारजी मात्र रोज असतातच, आणि बालगंधर्वांचा तो कार्यक्रम रविवारी निवांत बसून ऐकणार.

एक विचारायचं राहिलं. मी आजवर एकही मोठी मैफल समोर बसून ऐकलेली नाही. डिसेंबरात पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाला यावं असं फार वाटतंय. सलग एवढे तास बसवेल का, आणि नवख्या माणसाने कुठल्या दिवशी यावं?

पेटी_काळी_चार

ताई बिनधास्त या. १९५३ पासून चालू आहे, भीमसेनजींनी गुरूंच्या स्मृतीत सुरू केलेला, आणि तिथे निम्मे लोक रागाचं नाव शेजाऱ्याला विचारतच ऐकतात, कोणी हसत नाही. भारतीय बैठकीचं तिकीट स्वस्त असतं पण पाठ धरते, पाठीमागे टेकायला छोटी उशी आणि एक शाल आणा, रात्री गारठा असतो. कलाकारांची यादी आली की मी इथेच टाकतो. दिवस निवडताना एक बघा, ज्या दिवशी गाणं आणि वादन दोन्ही असेल आणि निदान एक नाव तुम्ही कधीच ऐकलेलं नसेल तो दिवस घ्या.

वऱ्हाडी_ठेका

सर मी पन येतो, अमरावतीवरून रात्रीची गाडी आहे. ताई भाचीला पन आना.

कृष्णाकाठची

भाची तयार आहे, आत्ताच विचारलं. आणि ह्यांनी पण स्वतःहून रजेचं विचारलंय, म्हणजे आमची तीन तिकिटं. सर, यादी आली की लगेच टाका.